आढळणे, बाधणे आणि वावडे : शेंगदाण्याच्या ॲलर्जीच्या गणनेतील एक भाषिक प्रश्न

१

एखाद्या समाजात अमुक विकार किती जणांना आहे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ मोजणीचा वाटतो. परंतु मोजणी करावयाची तर काय मोजावयाचे हे प्रथम ठरवावे लागते, आणि ते ठरवणे म्हणजे एका शब्दाची व्याप्ती निश्चित करणे होय. वैद्यकातील संख्याशास्त्राच्या मुळाशी असा एक शब्दार्थशास्त्रीय निर्णय नेहमीच दडलेला असतो. तो निर्णय उघडपणे घेतला गेला नाही, तर आकडे अचूक असूनही विधान मात्र चुकीचे ठरते.

शेंगदाण्याच्या ॲलर्जीविषयी गेल्या काही दशकांत जी लोकसंख्यानिहाय पाहणी झाली, ती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे मोजून ‘इतके टक्के लोकांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ अशी विधाने केली जातात. या विधानातील ‘आहे’ या क्रियापदाला प्रयोगशाळेतील निष्कर्षाचा कितपत आधार आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. तथापि येथे तपासावयाची आहेत ती विधाने, आणि विधानांची तपासणी हे भाषाशास्त्राचे काम आहे.

२

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. ‘अन्य’ आणि ‘क्रिया’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून तो बनला. परक्या द्रव्याशी एकदा संबंध आल्यावर शरीराची प्रतिक्रिया पूर्वीसारखी राहत नाही, ती पालटते, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. हा पालट उपकारक असो वा अपकारक, दोन्हींना त्यांनी एकच नाव दिले. देवीची लस टोचल्यावर येणारी प्रतिकारशक्तीही त्यांच्या मूळ अर्थाने ॲलर्जीच होती. पुढे या शब्दातून उपकारक अर्थ गळून पडला आणि केवळ अपकारक अर्थ उरला. अर्थसंकोचाचे हे एक सुबोध उदाहरण होय.

हा शब्द घडल्यानंतर साठ वर्षांनी दुसरी घटना घडली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, तसेच स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांनी स्वतंत्रपणे एक नवे प्रतिपिंड शोधून काढले. १९६८ मध्ये त्याला ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’ हे नाव मिळाले. अमुक पदार्थाविरुद्धचे हे प्रतिपिंड रक्तात किती आहे, हे मोजण्याची पद्धतीही १९६७ मध्येच पुढे आली. तोपर्यंत ॲलर्जी ही रुग्णाच्या कथनावरून आणि त्वचेवरील परीक्षेवरून ओळखावयाची गोष्ट होती. आता ती रुग्णाच्या अनुपस्थितीत, परीक्षानलिकेत मोजता येण्याजोगी वाटू लागली. येथून ‘ॲलर्जी’ या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला: रक्तात विशिष्ट प्रतिपिंड असणे.

शास्त्रज्ञांना या द्व्यर्थतेची जाणीव नव्हती असे नाही. ज्या योहान्सन यांचा प्रतिपिंडाच्या शोधात वाटा होता, त्यांच्याच नेतृत्वाखाली २००१ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी या क्षेत्रातील परिभाषा नव्याने मांडली. प्रतिपिंडे तयार होण्याच्या अवस्थेला एक नाव आणि प्रत्यक्ष विकाराला दुसरे नाव, हा भेद शास्त्रीय लेखनात आज सर्वमान्य आहे. पण प्रबंधाच्या पानावर पाळला जाणारा हा भेद वृत्तपत्रात, शाळेच्या सूचनाफलकावर आणि कित्येकदा दवाखान्यातील संभाषणातही टिकत नाही.

३

हा भेद नाममात्र आहे की खरोखरच मोठा, हे आकड्यांवरून पाहावे. अमेरिकेत २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणीत ८,२०३ व्यक्तींच्या रक्ताची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. शेंगदाण्याविरुद्धचे प्रतिपिंड ७.६ टक्के लोकांत आढळले. परंतु प्रत्यक्ष ॲलर्जीचा त्याच संशोधकांचा अंदाज १.३ टक्के एवढाच होता. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे जन्मापासून निरीक्षणाखाली असलेल्या ९३३ मुलांची आठव्या वर्षी परीक्षा केली असता ११० मुलांमध्ये, म्हणजे ११.८ टक्क्यांत, शेंगदाण्याविषयीची चाचणी सकारात्मक आली. त्यांपैकी खरी ॲलर्जी असलेली मुले अंदाजे २२.४ टक्के निघाली. म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या दर पाच मुलांपैकी जवळजवळ चार मुले शेंगदाणे निर्धास्त खाऊ शकत होती. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक वर्षाच्या मुलांपैकी ८.९ टक्के मुलांची त्वचा-परीक्षा सकारात्मक आली, पण प्रत्यक्ष खाऊ घालून सिद्ध झालेली ॲलर्जी ३ टक्के होती.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातील प्रौढांची जी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातील अंतर याहूनही मोठे आहे. एकट्या शेंगदाण्याचा नव्हे, तर सर्व खाद्यपदार्थांचा एकत्र विचार केला असता २६.५ टक्के लोकांत कोणत्या ना कोणत्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड आढळले. तक्रार आणि प्रतिपिंड दोन्ही एकाच पदार्थाविषयी जुळतात अशी ‘संभाव्य’ ॲलर्जी मात्र १.२ टक्के लोकांतच होती.

या चार पाहण्यांतील वयोगट, पद्धती आणि पदार्थ भिन्न असल्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु प्रत्येक पाहणीच्या अंतर्गत जे दोन आकडे आहेत, त्यांची तुलना अवश्य करता येते. आणि ती सर्वत्र एकच गोष्ट सांगते. रक्तात वा त्वचेवर जे आढळते, ते आणि खाल्ल्यावर जे बाधते ते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

४

असे का व्हावे? भाषेच्या अभ्यासकाला याचे उत्तर फारसे अनोळखी वाटणार नाही. प्रतिपिंड ओळखते ते रूप. त्या रूपाचा देहावरील परिणाम त्याला ठाऊक नसतो. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंडाचा वाचक आहे, तर हिंदीत शिक्षणाचा. अक्षरे तीच, उच्चार जवळजवळ तोच, पण रूपावरून अर्थ ठरवणारा वाचक एका भाषेतून दुसरीत जाताच फसतो. रक्तातील चाचणीही अशीच केवळ रूपावरून निर्णय करते.

घाना देशातील शाळकरी मुलांवरील संशोधन, जे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील अनेक मुलांच्या रक्तात शेंगदाण्याविरुद्धचे प्रतिपिंड सापडले, आणि तरीही ती मुले शेंगदाणे खाऊन निरोगी होती. शोध घेता असे दिसले की, या प्रतिपिंडांचा रोख बहुतांशी शेंगदाण्याच्या प्रथिनांवर नसून त्या प्रथिनांना चिकटलेल्या शर्करा-साखळ्यांवर होता. तशाच साखळ्या इतर वनस्पतींत आणि शरीरात शिरणाऱ्या परजीवी कृमींतही असतात, आणि या प्रतिपिंडांचा संबंध कृमींच्या संसर्गाशी जुळत होता. म्हणजे बहुधा कृमींशी झालेल्या झगड्याची ती खूण होती. चाचणीने तिच्यावर शेंगदाण्याचे नाव घातले. बर्च वृक्षाच्या परागांविषयीही असेच घडते. उत्तर युरोपात त्या परागांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड शेंगदाण्यातील एका सदृश प्रथिनालाही जाऊन चिकटते. बहुतेकांना त्यापासून तोंडातल्या खाजेपलीकडे काही होत नाही.

आपल्या भाषेने या धान्याला दिलेले ‘भुईमूग’ हे नाव येथे लक्षात घेण्याजोगे आहे. इंग्रजी नावाने त्याची गणना बदाम-अक्रोडांच्या पंक्तीत केली. मराठीने ते मुगाच्या कुळात घातले, आणि वनस्पतिशास्त्र मराठीच्याच बाजूचे आहे. परंतु या बरोबर असलेल्या वर्गीकरणावरूनही वैद्यकीय अनुमान काढता येत नाही. शेंगदाणे बाधणाऱ्या माणसाच्या रक्तात इतर कडधान्यांविरुद्धचे प्रतिपिंड वारंवार सापडते, पण ती कडधान्ये त्याला प्रत्यक्षात बाधतात असे तुलनेने क्वचितच दिसते. उलट, कुळाने दूरची असलेली कवचफळे अशा रुग्णांपैकी अनेकांना बाधतात. नाव असो, कुळ असो वा प्रतिपिंड असो, साधर्म्याचा पुरावा हा परिणामाचा पुरावा नव्हे.

याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. संपूर्ण शेंगदाण्याच्या अर्काऐवजी त्यातील एकेका प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आता वेगळे मोजता येते. या प्रथिनांची नावे भुईमुगाच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आरा एच १’, ‘आरा एच २’ अशी ठेवलेली आहेत. मँचेस्टरच्या मुलांमध्ये खरी ॲलर्जी आणि निव्वळ सकारात्मक चाचणी यांच्यातील भेद ओळखण्यास ‘आरा एच २’ सर्वांत उपयोगी ठरले. चाचणी अधिक नेमकी झाली की खूण आणि विकार यांच्यातील अंतर कमी होते. तथापि ते अंतर नाहीसे होत नाही.

५

येथे संख्येचा एक साधा नियम सांगणे अवश्य आहे. कल्पनेने एक हजार मुले घेऊ. त्यांपैकी दहांना शेंगदाणे खरोखर बाधतात आणि चाचणी त्या दहांनाही अचूक ओळखते असे मानू. उरलेल्या ९९० मुलांपैकी सात टक्क्यांत चाचणी विनाकारण सकारात्मक येते असे धरले, तर अशी मुले ६९ होतील. एकूण ७९ सकारात्मक मुलांपैकी खरे रुग्ण दहा. म्हणजे आठांत एक. हीच चाचणी जर अशा हजार मुलांवर केली की, ज्यांना शेंगदाणे खाल्ल्यावर काही त्रास झाल्यामुळे डॉक्टरांकडे आणले आहे आणि ज्यांतील निम्म्यांना खरोखर ॲलर्जी आहे, तर ५३५ सकारात्मकांपैकी ५०० खरे रुग्ण निघतील. चाचणी बदललेली नाही; तिच्या उत्तराचा अर्थ मात्र पार बदलला आहे. शब्दाचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही, हे तत्त्व भाषेत जितके खरे तितकेच येथेही खरे आहे.

अमेरिकन पाहणीवरील प्रस्तुत लेखकाचा मुख्य आक्षेप येथेच आहे. त्या पाहणीत कोणालाही शेंगदाणे खाऊ घालून पाहिलेले नव्हते. १.३ टक्के हा आकडा प्रतिपिंडाच्या पातळीवरून, विशेष रुग्णालयांत आलेल्या मुलांच्या अनुभवावर आधारलेल्या मर्यादा वापरून काढलेला होता. दवाखान्याच्या संदर्भात घडलेला अर्थ सर्वसामान्य लोकसंख्येच्या संदर्भात तसाच लागू करणे, हे अनुवादात मूळ भाषेचे व्याकरण ओढून आणण्यासारखे आहे. संशोधकांनी ‘संभव’ आणि ‘शक्यता’ अशा पायऱ्या करून सावधगिरी बाळगली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती सावधगिरी पाळूनही त्यांच्या हाती आलेला आकडा हे निरीक्षण नसून अनुमान आहे, आणि ७.६ हा आकडा जे लोक ‘ॲलर्जी असलेल्यांचे प्रमाण’ म्हणून उद्धृत करतात, त्यांना तर त्या सावधगिरीचाही आधार उरत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने लंडन येथे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाकडे पाहावे. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिने वयाची ६४० अर्भके निवडून काहींना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ देण्यात आले, तर इतरांना ते वर्ज्य ठेवण्यात आले. त्वचा-परीक्षा सौम्य प्रमाणात सकारात्मक असलेली ९८ मुले यांत होती. पाचव्या वर्षी, शेंगदाणे वर्ज्य केलेल्या अशा मुलांपैकी ३५.३ टक्क्यांना ॲलर्जी झालेली होती; नियमित खाणाऱ्यांपैकी १०.६ टक्क्यांनाच. त्वचा-परीक्षा नकारात्मक असलेल्या मुलांतही हे प्रमाण अनुक्रमे १३.७ आणि १.९ टक्के असे होते.

या आकड्यांचा भाषिक अर्थ गंभीर आहे. ज्या अर्भकाची चाचणी सकारात्मक आली त्याला ‘ॲलर्जी आहे’ असे म्हटले की, शेंगदाणे त्याच्या ताटातून काढून घेणे हे ओघानेच आले. आणि ते काढून घेतल्याने, प्रारंभी जे विधान असत्य होते ते काही मुलांच्या बाबतीत सत्य होऊन बसते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि अमेरिकेत २००० पासून जोखमीच्या कुटुंबांना लहान मुलांस शेंगदाणे न देण्याचा सल्ला दिला जात होता; तो अनुक्रमे २००९ आणि २००८ मध्ये मागे घ्यावा लागला. अर्थात अशा अर्भकांना घरीच खाऊ घालून पाहावे असा याचा निष्कर्ष नाही. खरी ॲलर्जी प्राणघातक होऊ शकते, आणि ही परीक्षा वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी. पण ‘आढळले’ आणि ‘बाधते’ यांतील गल्लतीची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६

प्रतिपिंडाची चाचणी अपुरी आहे, तर लोकांनाच विचारावे, असा दुसरा पक्ष संभवतो. परंतु प्रश्नावली हेही भाषेचेच साधन असल्याने तेथे अडचण कमी होत नाही, किंबहुना वाढते. उद्या महाराष्ट्रात अशी पाहणी करावयाची झाली, तर मराठीच्या दोन वैशिष्ट्यांचा विचार प्रश्नकर्त्याला करावा लागेल.

पहिले म्हणजे ‘पित्त’ हा शब्द. ‘दाणे खाल्ले की मला पित्त होते’ असे म्हणणाऱ्या माणसाला बहुधा छातीतील जळजळ, आंबट ढेकर किंवा डोकेदुखी अभिप्रेत असते. परंतु ‘अंगावर पित्त उठले’ असे म्हटले की, त्वचेवर उठणाऱ्या खाजऱ्या चकंदळांचा, म्हणजे काही जण ज्यांना ‘गांधी’ म्हणतात त्यांचा, बोध होतो. पहिली तक्रार ॲलर्जीची निदर्शक नाही. दुसरी तिचे प्रमुख लक्षण आहे. ‘पित्तावर गोळी घेतली’ या वाक्यावरून तर दोहोंपैकी कोणता विकार होता हे कळणेच अशक्य. येथे भेद नामात नसून क्रियापदात आहे: होणे, वाढणे, खवळणे एकीकडे आणि उठणे दुसरीकडे. इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित करून ‘शेंगदाण्याने पित्त होते काय?’ असे विचारणारा संशोधक दोन भिन्न लोकसमूहांची बेरीज करून बसेल.

दुसरी अडचण खाण्याच्या नावांची. ‘शेंगदाणे खाता काय?’ या प्रश्नाला ‘क्वचित’ असे उत्तर देणाऱ्या घरातही कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट रोज ना रोज पडत असते. बोलणाऱ्याच्या मनात ‘दाणे खाणे’ म्हणजे मूठभर भाजलेले दाणे खाणे होय. कूट हा पदार्थ नसून पदार्थाचे अंग आहे. ज्याला कूट निर्वेध पचते त्याच्या रक्तातील प्रतिपिंडाला विकार म्हणता येत नाही, आणि हा निर्णायक पुरावा चुकीच्या प्रश्नामुळे हातचा जाण्याचा संभव आहे.

७

मराठीत या विषयाची परिभाषा कशी असावी? ‘अधिहृषता’ हा पारिभाषिक शब्द उपलब्ध आहे. रोमांच उभे राहण्याचा अर्थ असलेल्या ‘हृष्’ धातूवरून तो आला असून त्याची घडण निर्दोष आहे. परंतु तोही नामच आहे. ‘अधिहृषता आहे’ असे म्हटल्याने ‘ॲलर्जी आहे’ या वाक्यातील संदिग्धता तिळभरही कमी होत नाही. दोष शब्दाच्या परकेपणात नसून वाक्याच्या रचनेत आहे. नाम आणि ‘आहे’ यांच्या जोडीने एक घटना, एक खूण आणि एक पथ्य या तिन्ही गोष्टी व्यक्तीच्या कायमच्या गुणधर्मासारख्या भासू लागतात.

यास्तव प्रस्तुत लेखकाची सूचना अशी आहे की, नवे नाम घडवण्याऐवजी आपल्या बोलीत असलेली तीन रूपे नेमून द्यावीत. प्रयोगशाळेच्या निष्कर्षासाठी ‘आढळणे’: अमुक टक्के लोकांत शेंगदाण्याविरुद्धचे प्रतिपिंड आढळले. प्रत्यक्ष विकारासाठी ‘बाधणे’: अमुक टक्के लोकांना शेंगदाणे बाधतात. या क्रियापदाला खाण्याची घटना गृहीत धरावीच लागते, आणि म्हणूनच कोणी खाऊन पाहिल्यावाचून ते वापरता येत नाही. तिसरे ‘वावडे’: खाणे टाळण्याच्या नियमासाठी. वावडे बाधण्यातून येऊ शकते, भीतीतून येऊ शकते, वैद्याच्या सल्ल्यातूनही येऊ शकते. त्याचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावयास हवे, कारण आढळण्यावरून वावडे किती जणांवर लादले गेले हे त्यावरूनच कळेल.

या सूचनेवर दोन आक्षेप घेतले जातील. ‘वावडे’ हा शब्द ‘त्यांना शिस्तीचे वावडे आहे’ अशा लाक्षणिक वापराने सैल झाला आहे, हा पहिला. ‘ॲलर्जी’ या शब्दाचीही आज तीच गत झालेली असल्याने हा आक्षेप दोन्हींस सारखाच लागू पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खाऊ घालून पाहण्याची परीक्षा खर्चिक, वेळखाऊ आणि जोखमीची असते, हजारो लोकांवर ती करणे शक्य नसल्यानेच रक्ताची चाचणी वापरावी लागते. मेलबर्न येथे अडीच हजारांहून अधिक अर्भकांच्या पाहणीत, चाचणी सकारात्मक आलेल्यांना बोलावून ही परीक्षा करण्यात आली होती, हे यावर एक उत्तर आहे. परंतु जेथे ते शक्य नसेल तेथेही रक्ताची चाचणी करण्यास कोणाचीच हरकत असू नये. तिचा निष्कर्ष ‘आढळले’ या क्रियापदाने सांगावा, ‘बाधते’ या क्रियापदाने सांगू नये, इतकीच मर्यादा पाळली जावी.

महाराष्ट्रात दाणा हा गरिबाच्या घरातील स्वस्त आणि पौष्टिक आहार आहे, आणि उपवासाच्या दिवशी तर तोच मुख्य आधार असतो. येथील मुलांच्या रक्ताची मोठ्या प्रमाणावर तपासणी उद्या झालीच, तर तिच्या अहवालातील एका क्रियापदावर पुष्कळ मुलांच्या ताटातील दाण्यांचे कूट अवलंबून राहील. ते क्रियापद विचारपूर्वक निवडले जावे, एवढ्यासाठीच हे विवेचन केले आहे.